सर, हॉर्न वाजतोय

सांगलीच्या एका गृहस्थांनी प्रश्न पाठवलाय. त्यांची मुलगी कमर्शियल पायलटच्या ट्रेनिंगला आहे. सुट्टीत घरी आली तेव्हा त्यांनी तिचं लॉगबुक चाळलं आणि 'स्टॉल्स' हा शब्द त्यांना आठ ठिकाणी सापडला. ते लिहितात : "तासाचे हजारो रुपये मोजतोय. सायकल एकदा आली की आली, पोहणं एकदा आलं की आलं. मग विमान स्टॉल करायचं आणि सावरायचं हे एकदा जमल्यावर परत परत कशाला? आणि ती म्हणते, नोकरी लागल्यावरही हे सुटत नाही. खरं आहे का, की ट्रेनिंगवाल्यांचा तास वाढवण्याचा धंदा आहे?"

सुटत नाही हे खरं आहे. मी स्वतः १९९६ साली स्टॉल शिकलो, त्यानंतर काही वर्षं धुळ्याला सेसना या छोट्या विमानावर पोरांना शिकवला, पुढे एटीआर हे पंख्यांचं प्रवासी विमान आणि एअरबस उडवली, आणि आता सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीवर बसून इतरांना त्यात ढकलायचं काम करतो. एअरलाइनच्या पायलटला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची वारी असते आणि स्टॉल तिथे फार दिवस चुकत नाही. धंद्याबद्दलच्या शंकेकडे शेवटी येतो, कारण ती अगदीच चुकीची नाही.

आधी शब्द. मराठी माणसाला स्टॉल म्हटलं की वडापाव आठवतो, आणि गाडी शिकलेल्याला क्लच सोडताना बंद पडलेलं इंजिन. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात चालू असलेलं विमान स्टॉल होऊन समुद्रात पडलेलं आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच. स्टॉल होतो तो पंख.

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नका असं लिहिलेलं असताना आपण सगळ्यांनी तो काढलाय. तळहात आडवा धरला की वारा कापत जातो. पुढची कड जराशी उचलली की हात आपोआप वर जातो. आणखी उचलली की आणखी वर. पण एका मर्यादेनंतर हात वर जायचं सोडतो आणि नुसता मागे रेटला जातो. पंखाचं तेच. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन छोट्या विमानात साधारण १५ ते १८ अंशांपर्यंत गेला तरी हवा पंखाच्या पाठीला धरून वाहते. त्यापुढे ती पाठ सोडते, मागे नुसते भोवरे उरतात आणि पंखाची उचल ढासळते. हा कोन म्हणजे नाक क्षितिजाच्या किती वर आहे ते नव्हे, हे विद्यार्थ्याला पटायला वेळ लागतो. विमान पोटावर खाली पडत असेल तर हवा खालून येते, आणि नाक थोडंसंच वर दिसत असताना कोन चाळीस अंश असू शकतो.

वेगाचं कोष्टकही याच कोनातून येतं. सेसना १७२ च्या वेगाच्या घड्याळावर हिरवा पट्टा ४८ नॉट्सला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सुरू होतो, म्हणजे फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या कडेच्या, सावकाश उडताना खाली सोडायच्या झडपा) वर असताना, पूर्ण वजनावर, सरळ उडताना त्याखाली स्टॉल. विद्यार्थी ४८ हा आकडा पाठ करतो आणि निर्धास्त होतो. पण ६० अंश कलून उंची राखत वळलात तर पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग १.४१ पटीने वाढतो; म्हणजे ६८ च्या आसपास. घड्याळात ६५ दिसताहेत, काटा हिरव्यात आहे, आणि विमान स्टॉल झालंय. जोरात ओढलं तर ते कुठल्याही वेगाला स्टॉल होतं.

उपाय म्हणाल तर एका ओळीचा : कोन कमी करा. कंट्रोल कॉलम, म्हणजे पायलटच्या पुढ्यातला चाक बसवलेला दांडा, पुढे ढकला, हवा पुन्हा पाठीला लागते, पंख जिवंत होतो. आठवीतल्या पोराला पाच मिनिटांत समजेल. मग आठ वेळा कशाला?

कारण समजतं डोक्याला आणि करायचं असतं हाताला. विमानाचं नाक खाली पडतंय, समोरच्या काचेत आकाशाऐवजी शेतं भरलीत, पोटात खड्डा पडलाय, अशा वेळी कुठल्याही निरोगी माणसाचा हात एकच गोष्ट करतो : ओढतो. जमिनीपासून दूर जायचं म्हणून ओढतो. ओढलं की कोन वाढतो आणि स्टॉल आणखी पक्का होतो. जमीन जवळ येत असताना जमिनीकडे नाक करायचं, हे माणसाच्या उपजत बुद्धीच्या बरोबर विरुद्ध आहे. सायकलचा दाखला म्हणूनच इथे लागू पडत नाही. सायकल तुम्ही एकदा शिकता आणि मग रोज चालवता. टेक-ऑफ आणि लँडिंग पायलटही रोज करतो, त्यासाठी त्याच्यामागे लागावं लागत नाही. स्टॉल त्याच्या आयुष्यात येतच नाही. उलट जितका चांगला पायलट, तितका तो स्टॉलपासून लांब. वीस वर्षं ऑटोपायलटवर सुरळीत उडणाऱ्या कॅप्टनचा हात या बाबतीत दोनशे तासांच्या पोरापेक्षा कच्चा असू शकतो. मी पाहिलाय तसा.

धुळ्याची एक गोष्ट सांगतो. गोंदूरच्या धावपट्टीवरून निघून लळिंगच्या बाजूला साडेचार हजार फुटांवर आम्ही हा सराव करायचो, सकाळी, ऊन तापून हवा उसळायला लागायच्या आत. त्याआधी जमिनीवर एक विधी असतो. सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला बोट जाईल न जाईल एवढं एक भोक असतं. आत नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, पायलटच्या डोक्याच्या डावीकडे वर, पेटीत असते तशी एक रीड. स्टॉल जवळ आला की त्या भोकापाशी हवेचा दाब उतरतो, नळीतून हवा बाहेर ओढली जाते आणि रीड वाजते. हाच स्टॉलचा हॉर्न. वीज नाही, बॅटरी नाही. उड्डाणाआधी ती वाजते का हे बघायचं तर भोकावर रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. नवीन पोरांना याचं फार हसू येतं. आवाज फुटक्या तोंडाच्या पेटीसारखा येतो.

तर एक विद्यार्थिनी होती, अभ्यासात अतिशय हुशार. ब्लॅकबोर्डसमोर उभं केलं तर स्टॉलची सगळी लक्षणं ओळीने सांगायची : वाऱ्याचा आवाज कमी होतो, कंट्रोल्स सैल पडतात, हॉर्न वाजतो, विमान थरथरतं, नाक पडतं. वर जाऊनही उत्तम करायची. मी म्हणायचो, "स्टॉल दाखव." ती पॉवर बंद करायची, नाक धरून ठेवायची, साठ, पंचावन्न, पन्नास, हॉर्न, थरथर, नाक पडलं की पुढे, मग पॉवर, पंख सरळ, पायाने रडर (शेपटीची उभी पाती), सगळं नीट. चौथ्या-पाचव्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, मी तिला सांगितलं, आता आपण नुसते सावकाश उडू, फ्लॅप्स खाली, वेग कमी, डावीकडे हळू वळत राहा. आणि मग माझी पेन्सिल तिच्या पायाशी टाकली. "अरे, ती जरा दे गं."

ती वाकली. वाकताना माणूस हातातलं धरून वाकतो, त्यामुळे कॉलम थोडा मागे आला. नाक वर गेलं. पेटी वाजायला लागली. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, हॉर्न वाजतोय."

"मग?"

एवढं बोलेपर्यंत डावा पंख पडला होता. आणि आता ज्या मुलीने बोर्डासमोर सगळं बरोबर सांगितलं होतं, तिने कॉलम पोटाशी ओढला आणि कॉलमवरचं चाक उजवीकडे पूर्ण फिरवलं. दोन्ही चुकीचं. पडलेला पंख चाकाने उचलायला जाल तर त्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे टोकाकडची हलती झडप, खाली जातं, त्याचा कोन वाढतो आणि तो आणखी स्टॉल होतो. मी कंट्रोल घेतले, ढकललं, पायाने वळण थांबवलं. अडीच-तीनशे फूट गेले. खाली भरपूर उंची शिल्लक होती म्हणून नंतर चहा पिताना हसायला मिळालं. त्यानंतरच्या तीन सॉर्टींत मी पेन्सिल पाडली, नकाशा मागितला, रेडिओवर बोलायला लावलं, खाली उगाच एक मंदिर दाखवलं. चौथ्यांदा हॉर्नचा पहिला सूर निघाला तोवर तिचा हात पुढे गेला होता आणि ती माझ्याशी बोलतच होती. त्या दिवशी मी तिच्या लॉगबुकात लिहिलं, तेही नुसतं 'स्टॉल्स'. तुम्ही ते पान चाळलं असतंत तर तुम्हाला पुन्हा तेच दिसलं असतं.

हाच पंख पडायचा प्रकार साडेचार हजारांऐवजी पाचशे फुटांवर झाला तर? छोट्या विमानांचा जुना शत्रू तिथेच बसलेला असतो : उतरायच्या शेवटच्या वळणावर. पाठीमागून वारा आहे, वळायला उशीर झाला, धावपट्टीची रेघ मागे पडायला लागली. कललेपणा वाढवायची भीती वाटते म्हणून पोरगं आतल्या बाजूचा रडर दाबून नाक रेटतं. विमान जास्त कलतंय असं वाटून चाक उलटं धरतं. नाक खाली जातंय म्हणून ओढतं. स्टॉल होताच आतला पंख पडतो आणि विमान गिरकी घेतं. सेसनासारख्या विमानाला एका गिरकीतून बाहेर यायला हजार फुटांच्या आसपास लागतात. वळण पाचशे-सहाशेवर. हिशोब तुम्हीच करा. तिथून सावरायची कला शिकवता येत नाही, कारण सावरायला जागाच नसते. शिकवता येतं ते एवढंच, की हॉर्नच्या आधी, कंट्रोल्स जरा सैल लागताच, हाताला ते कळावं. कंट्रोल्सचं हे सैल होणं पुस्तकात एक शब्द आहे. हातात ते ओळखीचं व्हायला बरीच उड्डाणं जातात, आणि काही महिने केलं नाही तर ती ओळख पुसट होते.

मोठ्या विमानांकडे येऊ. लोकांना वाटतं तिथे संगणक आहेत, ती स्टॉल होत नाहीत. २००९ साली चार महिन्यांच्या आत दोन झाली.

१२ फेब्रुवारी २००९, अमेरिकेत बफेलोजवळ, कोल्गन एअरचं फ्लाइट ३४०७, क्यू-४०० हे दोन पंख्यांचं विमान. उतरण्याच्या तयारीत वेग कमी होत गेला, दोघांच्या लक्षात आलं नाही. स्टिक शेकर चालू झाला. हे यंत्र स्टॉलच्या आधी कॉलम खडखडा हलवतं; झोपलेला माणूस जागा होईल इतका. कॅप्टनने कॉलम ओढला. मग स्टिक पुशर लागला. हे यंत्र स्वतःहून कॉलम पुढे ढकलतं, म्हणजे जे कॅप्टनने करायला हवं होतं तेच करतं. कॅप्टनने त्याच्याविरुद्ध जोर लावून ओढलं. विमानातले ४९ आणि जमिनीवर घरातला एक, असे ५० गेले. चौकशीत निघालेली एक बाब मला एटीआर उडवताना कायम आठवायची, कारण एटीआरलाही पुशर आहे : त्या कंपनीच्या सिम्युलेटर ट्रेनिंगमध्ये पुशर प्रत्यक्ष हाताला जाणवून देण्याचा सराव नव्हता. विमान स्वतःहून ढकलतंय म्हणजे काय, हे त्या हाताला बहुधा पहिल्यांदा कळलं ते त्या रात्री.

आणि १ जून २००९, एअर फ्रान्स ४४७, रिओहून पॅरिसला, एअरबस ३३०. अटलांटिकवर ३५ हजार फुटांवर वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. आता विमान हाताने उडवायचं होतं, रात्री, ढगात. उडवणाऱ्या पायलटने साइडस्टिक, म्हणजे एअरबसमध्ये कॉलमऐवजी असते ती छोटी दांडी, मागे घेतली. विमान जवळजवळ ३८ हजारांपर्यंत चढलं, वेग संपला, स्टॉल झालं. कॉकपिटमध्ये 'स्टॉल, स्टॉल' हा आवाज एका पट्ट्यात ५४ सेकंद चालू होता. स्टिक बहुतेक वेळ मागेच राहिली. कोन चाळीस अंशांच्या पुढे गेला, विमान मिनिटाला दहा हजार फुटांच्या वेगाने पोटावर पडत राहिलं, इंजिनं चालू. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटंही नाहीत. २२८ माणसं.

यात एक तपशील असा आहे की तो माझ्या वर्गात सांगितला की सगळे गप्प होतात. वेग ६० नॉट्सच्या खाली दाखवायला लागला की संगणक तो आकडा खोटा मानायचा आणि स्टॉलची सूचना बंद करायचा. त्यामुळे मधल्या काळात स्टिक पुढे गेली की वेग थोडा वाढायचा, आकडा पुन्हा खरा मानला जायचा आणि 'स्टॉल, स्टॉल' पुन्हा सुरू व्हायचं. ओढलं की आवाज बंद. बरोबर केलं की विमान ओरडतंय आणि चुकीचं केलं की गप्प बसतंय! अशा वेळी डोकं विचार करून मार्ग काढेल ही आशा सोडा. फ्रेंच चौकशी मंडळाने स्पष्ट नोंदवलं की एवढ्या उंचीवर हाताने विमान उडवण्याचं ट्रेनिंग त्या पायलटांना मिळालेलं नव्हतं. पायलट मूर्ख नव्हते. वर हवा विरळ, कंट्रोल वेगळे लागतात, सावरायला काही हजार फूट द्यावे लागतात, आणि हे सगळं त्यांच्या हातांना नवीन होतं.

आपल्याकडचा दाखला पाटण्याचा. १७ जुलै २०००, अलायन्स एअरचं फ्लाइट ७४१२, बोइंग ७३७-२००, कलकत्त्याहून पाटण्याला येत होतं. उतरताना विमान उंच राहिलं, इंजिनं आयडलवर होती, वेग नको तितका कमी झाला, आणि त्या अवस्थेत नाक वर ठेवून झटपट इकडून तिकडे कलणारी वळणं घेतली गेली. स्टिक शेकर वाजला. चौकशी अदालतीने लिहिलंय की इथे पायलटांनी स्टॉल टाळायची कृती करण्याऐवजी गो-अराउंडची कृती सुरू केली. विमान गर्दनीबाग भागातल्या सरकारी वसाहतीवर पडलं. विमानातले ५५ आणि जमिनीवरचे ५ जण गेले.

पुढचं वाक्य माझं आहे, अहवालाचं नाही. गो-अराउंड म्हणजे पॉवर द्या आणि नाक वर घ्या. उतरताना काही बिनसलं की हेच करायचं, हे पायलटच्या हातात शेकडो वेळा घोटलेलं असतं. संकटात हात त्याला सर्वांत सवयीचं असेल ते करतो. त्या दिवशी दोन कृतींपैकी जी जास्त घोटलेली होती ती बाहेर आली. मला तो अहवाल वाचून राग कधीच आला नाही, भीती वाटली.

हाताच्या या सवयीचा माझाही एक किस्सा आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. मार्च २०२० मध्ये देशातली विमानं बंद झाली. दोन महिन्यांनी सुरू झाली तरी उड्डाणं मोजकी, माझ्यासारख्यांच्या वाट्याला कमीच. बरेच महिने घरी बसून मग सिम्युलेटरला गेलो. ट्रेनरने आधी बिघाड दिले, स्टॉल होऊ न देणारी एअरबसच्या संगणकांची संरक्षणं कमी केली, मला दुसऱ्याच चेकलिस्टमध्ये गुंतवलं आणि वर नेऊन स्टॉल लावला. माझा डावा हात स्टिकवर होता, उजवा इंजिनांचा जोर ठरवणाऱ्या थ्रस्ट लिव्हर्सवर. उजवा आधी हलला. लिव्हर्स पूर्ण पुढे, आणि डाव्या हाताने नाक होतं तिथे धरून ठेवलं. दीड-दोन सेकंदच, मग माझं मला कळलं आणि ढकललं. पण ते दीड-दोन सेकंद कुठून आले?

१९९६ मधून आले. तेव्हा आम्हाला शिकवलं होतं : पॉवर द्या, नाक फार पाडू नका, उंची कमीत कमी गमवा. चेकला परीक्षक उंचीमापकाकडे बघत बसायचा. जास्त फूट गेले की नापास. त्या काळी मोठ्या विमानांत सरावही पहिल्या इशाऱ्यालाच संपायचा, पूर्ण स्टॉलपर्यंत कुणी न्यायचं नाही. वर सांगितलेल्या अपघातांनंतर विमान बनवणाऱ्या कंपन्यांनी आणि नियामकांनी हा क्रम उलटा केला. अमेरिकन नियामक एफएएची सूचना २०१२ ची : आधी कोन कमी करा, उंची गेली तर जाऊ दे, पॉवर नंतर आणि बेताने. पंखाखाली टांगलेल्या इंजिनांना एकदम जोर दिला की ती नाक वर ढकलतात, म्हणजे स्टॉल वाढवतात. हे मी स्वतः बरीच वर्षं शिकवत होतो. नवी पद्धत अंगात मुरली आहे असंच मला वाटत होतं. काही महिने सराव सुटला आणि तळाशी बसलेला जुना गाळ वर आला. डीब्रीफला तो ट्रेनर, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, फक्त एवढंच म्हणाला, "सर, जुनी शाळा." परत केलं. तीनदा.

सिम्युलेटरबद्दलही खरं ते सांगतो, कारण तुमची मुलगी तिकडेच जाणार आहे. ते यंत्र छान आहे, पण शरीराला पोटातला खड्डा खरा देत नाही, आणि जुन्या सिम्युलेटरांत स्टॉलच्या पलीकडचं विमानाचं वागणं बऱ्याच अंशी अंदाजाचं असायचं. आता त्यात सुधारणा झाली आहे. खरी अडचण माणसांची. सिम्युलेटरमध्ये शिरताना पायलटला माहीत असतं की आज स्टॉल आहे. तो वाटच बघत असतो. नासाच्या संशोधकांनी २०१३ साली बोइंग ७४७ च्या पायलटांवर प्रयोग करून हेच दाखवलं : नेहमीच्या ठरलेल्या पद्धतीने दिलेला स्टॉल सगळ्यांनी हवा तसा सोडवला, तोच अनपेक्षितपणे दिला तर एकेकाने एकेक केलं. म्हणून मी आजकाल कागदावर लिहिलेल्या क्रमाने स्टॉल देत नाही. जेवणाचा ट्रे आला, केबिन क्रूचा फोन वाजला, कंट्रोलरने अचानक वेगळी उंची दिली, या गडबडीत इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्ट हळूच काढून घेतो. पेन्सिलच आहे ती, फक्त महाग.

आता तुमची पैशांची शंका. लॉगबुक पुन्हा उघडा आणि मुलीला शेजारी बसवून प्रत्येक 'स्टॉल्स'पाशी तिला विचारा : यात काय केलं होतं? तिने सांगितलं की एकदा सरळ, एकदा फ्लॅप्स खाली टाकून उतरायच्या अवस्थेत, एकदा पूर्ण पॉवरवर चढताना, एकदा वळणात, एकदा सरांनी न सांगता दिला, एकदा सोलो जायच्या आधी, एकदा महिनाभर पावसाने उडणं बंद होतं त्यानंतर, तर एक पैसाही वाया गेलेला नाही. आठ कमीच आहेत. पण आठही वेळा साडेतीन हजारांवर सरळ जाऊन पॉवर बंद, हॉर्न, पुढे ढकलणं, घरी परत, असं असेल तर तुमची शंका रास्त आहे. तो सराव नाही, पाठांतर आहे, आणि असे इन्स्ट्रक्टर असतात.

तसं निघालं तर तिने सरांना सरळ म्हणावं की मला वळणातला आणि न सांगता दिलेला स्टॉल हवाय. चांगला इन्स्ट्रक्टर खूश होईल. तुम्ही मात्र फोन करू नका. आमच्याकडे ज्याच्या वडिलांचा फोन येतो त्याची चेष्टा लायसन्स मिळेपर्यंत थांबत नाही.